आठव्या मजल्याचा वीजदर

९ नोव्हेंबर

चिमणे,

पाकीट बघून दचकू नकोस, वाईट काही नाही. फोनच केला असता, पण माझे कान आता असे झालेत की समोरच्याला ओरडावं लागतं, आणि समोरचा ओरडला की मीही ओरडते. दोन खोल्यांच्या घरात तुझ्या दादाला ऐकू जाऊ नये असं काही मला फोनवर बोलताच येत नाही. मोबाइल एकच, तोही त्याच्या उशाशी. तेव्हा भाजीला उतरले की मी पत्र टाकीन. तूही पत्रच पाठव. खालच्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते.

विषय विजेचा आहे. हवेतून प्राणवायू काढून देणारं दादाचं मशीन दिवसरात्र चालू असतं. फरशा घासायच्या कारखान्यात इतकी वर्षं जी धूळ खाल्ली, ती आता छातीत ठाण मांडून बसलीय. या आठव्या मजल्यावर आलो ते इस्पितळ समोर आहे म्हणून. इथे वीज इमारतीकडूनच घ्यायची, बिलही इमारतीचा व्यवस्थापकच काढतो. ते दाराखालून आत सरकलं की मी आधी पालथं घालून ठेवते. दादाचं आपलं एकच पालुपद. "आपली चिमणी वीजदर ठरवणाऱ्या आयोगात आहे, ती बघेल." लिफ्ट दुरुस्त करणारा, दूधवाली, सहाव्या मजल्यावरची शिवणवाली, सगळ्यांना सांगून झालंय.

तर तू मला सांग, योग्य दर म्हणजे काय आणि तुम्ही तो ठरवता कसा? मला कळेल असं लिही. मी काही अडाणी नाही, पण तुमच्या आयोगाची जाहीर सूचना वाचली की आपण अडाणीच असू असं वाटायला लागतं.

वहिनी

१५ नोव्हेंबर

वहिनी,

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि शाळेच्या डब्यात तू ठेवायचीस त्या चिठ्ठ्या आठवल्या. 'सगळं संपव, मी विचारणार आहे.'

सोपं करून सांगते. विजेच्या योजना ढीगभर असतात आणि बहुतेक माणसं त्यातली एकही निवडत नाहीत. कुणाला वेळ नसतो, कुणाला ती बारीक अक्षरं वाचवत नाहीत. जो काहीच निवडत नाही त्याला आपोआप लागतो तो 'मूळ दर'. त्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, अशी मर्यादा आम्ही दरवर्षी घालून देतो. त्यासाठी एक कंपनी मनात धरायची. फार हुशार नाही, फार उधळी नाही. तिला वीज आगाऊ विकत घ्यायला काय पडेल, तारांचं भाडं काय, बिलं काढायला आणि फोन उचलायला काय, वर बेताचा नफा. दर फार खाली ओढला तर कंपन्या बुडतात आणि गिऱ्हाइकं वाऱ्यावर पडतात. फार वर ठेवला तर जो निवडायला गेलाच नाही, म्हातारा, आजारी, दमलेला, त्याच्या खिशातून बाकीच्यांच्या सवलती निघतात. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, एवढंच माझं काम.

यंदा जाहिरातींवरून वाजलं. माझ्या शेजारच्या टेबलावर एकजण बसतो, त्याला आम्ही 'सरासरी' म्हणतो, कारण घरी मुलं किती विचारलं तरी तो आधी देशाची सरासरी सांगतो. तो म्हणाला, नवी गिऱ्हाइकं पटवायचा खर्च हाही कंपनीचा खर्चच. मी म्हटलं, जी बाई जन्मभर एकाच कंपनीकडे आहे, तिने दुसऱ्यांना पटवायच्या जाहिरातींचे पैसे का भरायचे? अध्यक्ष मॅडमनी माझं उचलून धरलं. तो खर्च गेला.

तेव्हा तू निर्धास्त राहा. व्यवस्थापकाला एवढंच विचार, "आम्हाला मूळ दर लावलाय का?" त्याहून जास्त तो घेऊच शकत नाही. आणि हीटर लाव. त्या उंचीवर वारा फार असतो.

तुझी चिमणी

२८ नोव्हेंबर

चिमणे,

विचारलं.

व्यवस्थापक मोठा गोड माणूस आहे. बोलताना मान अशी तिरकी करतो की जणू आपणच त्याला काही देतोय. म्हणाला, मूळ दर कंपनीच्या गिऱ्हाइकांना. कंपनीचं गिऱ्हाईक ही इमारत. तळघरात एकच मोठं मीटर आहे. तिथून वर येते ती आमची वीज, आमच्या तारा. तुम्ही आमचे गिऱ्हाईक. मी विचारलं, मग आम्ही दुसरी कंपनी बघू का? म्हणाला, बघा ना, पण ती तुमच्यापर्यंत येणार कशातून? मी ऐकू न आल्यासारखं करून हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्या खेपेला त्याचं हसू गेलं.

शिवणवालीलाही हेच ऐकवलं म्हणे. तिचं शिलाई मशीन विजेवर चालतं. आता ती बारीक काम हातानेच करते आणि डोळे चोळत बसते.

दादा बरा आहे. दुपारी जरा जास्त वेळ पडून असतो, एवढंच. हीटर लावू देत नाही, म्हणतो नाक कोरडं पडतं. मी त्याला दोन शाली गुंडाळल्यात. बिलाची प्रत सोबत आहे. तुझ्या मनातली ती बेताची कंपनी आमच्याकडे कधी येणार?

वहिनी

४ डिसेंबर

वहिनी,

तुझा व्यवस्थापक खोटं बोलत नाहीये. मलाच आधी सुचायला हवं होतं. आमच्या आदेशाच्या पहिल्याच पानावर एक ओळ आहे: एका आवारात पुन्हा विकल्या जाणाऱ्या विजेला हा आदेश लागू नाही. ती लिहिली तेव्हा अशी आवारं म्हणजे गोदामं आणि बाजारातले गाळे. आता तिथे माणसं राहतात. बाहेरच्या माणसाला निदान कंपनी बदलता येते. तुम्हाला तेही नाही, आणि नेमकं तिथेच आमची मर्यादा थांबते. दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये.

ही ओळ काढता येते. आयोगाला तो अधिकार आहे. यंदाच्या मसुद्यात मी तसा परिच्छेद घालतेय.

आता अडचण. घरच्या कुणाचा फायदा-तोटा होणार असेल तर अध्यक्षांना लेखी कळवायचं आणि त्या कामातून बाजूला व्हायचं, असा आमचा नियम आहे. मी बाजूला झाले तर विषय सरासरीकडे जाईल. तो म्हणतो, अशी घरं इतकी थोडी आहेत की सरासरीत दिसतच नाहीत. आणि नाही कळवलं, उद्या इमारतवाल्यांच्या वकिलाने शोधून काढलं, तर ते सगळा आदेशच मोडून काढतील. सांगितलं तरी तुम्ही बाहेर, नाही सांगितलं तरी बाहेर. म्हणून ठरवलंय, मसुदा तेवढा निघू दे, मग सांगते.

तोवर दादाला सांग, माझं नाव कुणाकडे काढू नको. मी आत्ता तिकडे येणंही बरं दिसणार नाही. दुसरं घर नाही का बघता येणार?

चिमणी

७ जानेवारी

चिमणे,

आधी घराचं. समोरच्या रस्त्यावर दोन बघितली. एकाला लिफ्ट नाही, दुसऱ्याचा मालक मशीनचं नाव काढल्यावर फोन उचलेना. शिवाय इथला करार मोडला तर अनामत गेली. राहू दे.

आता गोड बातमी. या महिन्याचं बिल निम्म्यावर आलं! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तुला काही बोलता येत नाही हे मला कळतं, तू बोलूही नकोस. पण लहानपणी तुला बोट धरून शाळेत पोचवलं त्याचं आज चीज झालं असं वाटलं. दिवसभर हीटर लावला. दादाने गरम पाण्याने अंघोळ केली, आणि टॉवेल डोक्याला गुंडाळून चक्क गुणगुणत बसला. मला सूर ऐकू येत नाही, पण त्याची हनुवटी हलत होती.

एकच गोष्ट खटकते. शिवणवालीचं बिल आहे तेवढंच आलं. तिने मला जिन्यात विचारलं, तुमचं किती आलं हो? मी बहिरी झाले. सगळ्यांनाच टप्प्याटप्प्याने मिळणार आहे का?

वहिनी

११ जानेवारी

वहिनी,

मी काहीही केलेलं नाही. नुसता मसुदा बाहेर पडलाय, दर कुणाचाच बदललेला नाही.

दादाला विचार, कोण आलं होतं. दार लावून विचार. फोन करू नकोस. आणि मला लगेच कळव.

चिमणी

१६ जानेवारी

चिमणे,

विचारलं. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मी त्याच्या तोंडासमोर जाऊन बसले, ओठ दिसतील अशी. तेव्हा म्हणाला, तू भाजीला गेलीस तेव्हा व्यवस्थापक वर आला होता. खुर्ची ओढून बसला. मशीनची चौकशी केली, मग तुझी. मसुदा पेपरात वाचला म्हणाला, बहीण तिथेच असते ना? आजारी माणसाला इमारतीतर्फे थोडी सवलत देतोय, चारचौघांत बोलायची गरज नाही. दादाला वाटलं, माणुसकी आहे. सही वगैरे काही केली नाही, नुसतं 'बरं' म्हणाला.

मग मी त्याला सांगितलं की चिमणीने काहीच केलेलं नाही.

"म्हणजे त्यांनी तिला विकत घेतलं," तो म्हणाला, "आणि पावती मी फाडली."

आता मी लपवलेलं सांगते. दादा बरा आहे असं लिहीत होते ते खरं नव्हतं. मसुदा निघायच्या आधीची गोष्ट. पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले. कान गेले तरी मशीनची घरघर मला पायांना कळते, फरशीतून. दारातच कळलं की फरशी मुकी आहे. तो शालीत गुरफटून बसला होता आणि ओठ जांभळे पडले होते. मी बाहेर पडले की तो रोज मशीन बंद करायचा. वर मलाच म्हणाला, बिल आलं की तू मोरीत जाऊन रडतेस, तुला वाटतं मला कळत नाही.

सवलत आल्यापासून त्याने मशीनला हात लावलेला नाही. ती परत केली की पुन्हा लावील. ठेवली तर तू अडकलीस. खाली व्यवस्थापक भेटतो तेव्हा मान तिरकी करून विचारतो, सगळं ठीक ना? तू मला सांग, मी काय करू?

वहिनी

२१ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि सरळ अध्यक्ष मॅडमच्या खोलीत गेले. दादा, मशीन, सवलत, सगळं सांगितलं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग विचारलं, "मसुद्याच्या आधी का नाही आलीस?" मी म्हटलं, आधी आले असते तर तो परिच्छेदच निघाला नसता. त्या म्हणाल्या, "आता राहणारही नाही."

त्यांचं चूक नाही. मी लिहिला म्हणून तो परिच्छेद मागे घेतला. विषय नव्याने सरासरी बघेल. माझ्याकडच्या फायली काढून घेतल्या, चौकशी बसली आहे, आणि मला तळमजल्यावर मीटर तपासणीत पाठवलंय. खोलीला खिडकी नाही. फळ्यांवर जुनी मीटरं मांडलेली आहेत, दिवसभर मी त्यांचे आकडे पडताळते.

सवलतीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्हाला थंडीत बसवून मी इथे स्वच्छ होणार, हे मला लिहवत नाही. दादाला एवढंच सांग की मी कुणासाठी काही सोडलेलं नाही, मला झोप येत नव्हती. त्याने मशीन बंद केलं तर ती कधीच येणार नाही.

फेब्रुवारीत जाहीर सुनावणी आहे. तिथे कुणीही बोलू शकतं, नोटीस तुमच्या खालच्या फळ्यावर लागायला हवी. काय बोलायचं ते मी सांगायचं नाही आणि तू विचारायचं नाही. निकाल लागेपर्यंत पत्रही पाठवू नकोस.

चिमणी

२५ फेब्रुवारी

चिमणे,

पाठवू नकोस म्हणालीस. पाठवत नाही, नुसतं लिहून ठेवते. निकाल लागला की पेटीत टाकीन.

दादाने अट घातली, सवलत परत. मी अट घातली, मशीनला हात नाही. दोघांनी एकमेकांच्या ऐकल्या. त्याने व्यवस्थापकाला वर बोलावून तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, पुन्हा विचार करा, थंडी आहे. दादा म्हणाला, वीज तुमची, थंडी तेवढी आमची आहे. मग मी शिवणवालीकडे गेले आणि जिन्यात बहिरी झाले होते ते कबूल केलं. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं, तुम्ही ऐकू न येताही मान हलवलीत. तीच माझ्याबरोबर सुनावणीला आली. दूधवाली दादापाशी बसली.

दालन मोठं, खुर्च्या मऊ. मला काही ऐकू येईना. शिवणवाली प्रत्येकाचं बोलणं कागदावर लिहून मला दाखवायची. इमारतवाल्यांचा वकील म्हणाला, लोकांनी सगळं माहीत असून ही घरं घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आम्ही इस्पितळाजवळचं घर घेतलं. वीज निवडायला आम्हाला कुणी विचारलंच नाही. टेबलामागे एक उंच, टाय वाकडा झालेला माणूस होता. त्याने विचारलं, तुमच्या घरातला सरासरी वापर किती? मी ओळखलं, हाच तुझा सरासरी.

मी म्हटलं, "साहेब, माझ्या घरात सरासरी माणूस राहत नाही. एक मशीनवर जगणारा राहतो आणि एक बहिरी."

मग मुक्या फरशीचं सांगितलं. निघताना दादाला विचारलं होतं, हे सांगू का? तो म्हणाला, सांग. लाजायला लागतो तेवढा दम आता माझ्याकडे नाही.

तो वाकड्या टायवाला लिहायचा थांबला. बाकीचे पाणी पीत होते. काही होईल असं वाटत नाही, पण बोलून आले.

वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

निकाल लागला आणि दोनच दिवसांत तुझं फेब्रुवारीतलं पत्र मिळालं. ते मी मीटरांच्या फळीआड उभी राहून वाचलं.

आता तू पेपरात वाचलं असशीलच. ती ओळ गेली. आवारात पुन्हा विकलेल्या विजेलाही मूळ दराची मर्यादा लागू झाली. हे सरासरीने लिहिलंय. सुनावणीनंतर त्याने पंचवीस इमारतींकडून बिलं मागवली, एकेक घर वेगळं काढून पाहिलं. निकालाच्या सकाळी तो तळमजल्यावर आला, ते पान माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "तुझ्या परिच्छेदापेक्षा हा मोठा आहे." आणि गेला.

पण खालची तळटीप वाच. नव्या इमारतींना आत्तापासून, जुन्यांना पुढच्या वर्षीच्या एप्रिलपासून. त्यांनी वर्षभराची वीज चढ्या भावाने आधीच घेऊन ठेवलीय, ती एकदम तोट्यात विकायला लावता येत नाही. हे कारण खरं आहे, मी तिथे असते तर मीही तेच लिहिलं असतं. म्हणूनच राग कुणावर काढावा कळत नाही. तुमचा आणखी एक हिवाळा गेला.

चौकशीत ठपका आला. नोकरी राहिली, पण दराच्या कामाला मला पुन्हा हात लावता येणार नाही. इथेच राहीन. दादाला मी कुठल्या तोंडाने भेटू? येते, जरा थांबून येते.

चिमणी

१८ नोव्हेंबर

चिमणे,

हे पत्र माझं आहे. वहिनी भाजीला गेलीय. मशीन चालू आहे, ते आधी सांगतो.

थंडी सुरू झाली तशी शिवणवालीने जिन्यात सगळ्यांना गोळा केलं. एप्रिलपर्यंत काय करायचं? कुणी म्हणालं, आठव्या मजल्यावरच्यांचं मशीन बंद करता येत नाही, तर दिवसा हीटर तिथेच लावू, बाकीच्यांनी आपापले बंद ठेवायचे आणि त्यांच्या बिलात वाटा उचलायचा. मी नाही म्हटलं. माझं कुणी ऐकलं नाही, घरात बहिरी एकच असून.

तेव्हापासून सकाळी नऊला दार वाजतं. शिवणवालीचं मशीन माझ्या पायाशी. चौथ्या मजल्यावरचे दोघे म्हातारे पत्ते कुटतात आणि फसवतात. एक परीक्षेची मुलगी भिंतीकडे तोंड करून पाठांतर करते. मला पाय पसरायला जागा नाही. दिवसभर कुणीतरी काहीतरी विचारत असतं. वहिनी खूश आहे, तिला यातलं काही ऐकू येत नाही. व्यवस्थापक येऊन गेला. एका घरात इतकी माणसं नियमात बसत नाहीत म्हणाला. शिवणवाली म्हणाली, मग तुम्ही तरी बसा. तो बसला नाही.

मी इथून कुठे जाऊ शकत नाही, हे मला माहीत आहे. या हिवाळ्यातून लवकर सुटकाही नाही. मशीन बंद करायची हुक्की अजून येते, खोटं कशाला बोलू? पण आता हात लावायचा तर पाच जणांसमोर लावावा लागेल.

तू एप्रिलपासून येते येते म्हणतेस. वहिनीला वाटतं तुला काम आहे. तू त्या खोलीत बसून माझा हिवाळा मोजत असणार. तो मोजायला इथे पुष्कळ जण आहेत. माझ्यामुळे तुझं काम गेलं, ते मला तुझ्या तोंडावर बोलायचंय. पत्रात बोललो तर तू नाही नाही म्हणून लिहिशील आणि विषय संपेल. आता तू कुणाचा दर ठरवत नाहीस. आमच्याकडे यायला तुला कुणाला विचारावं लागत नाही.

रविवारी ये. खुर्ची मिळणार नाही. मी सरकून घेईन, माझ्या पलंगावर बस.

दादा